पणजोबांच्या डबीतले दिल्ली दरबारचे पदक आणि त्यावर नसलेले नाव

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातले आमचे जुने घर रिकामे करत असताना माडीवरच्या फडताळात शिसवी लाकडाची एक लहान गोल डबी सापडली. आत विटक्या लाल मखमलीवर चांदीचे एक पदक होते. त्याचा व्यास मोजला तेव्हा साधारण साडेअडतीस मिलिमीटर भरला. एका बाजूला मुकुट घातलेले राजा आणि राणी आहेत, दोघांचेही चेहरे डावीकडे वळलेले आहेत आणि भोवती गुलाबाच्या फुलांचे वेटोळे आहे. दुसऱ्या बाजूला फारसी लिपीतला मजकूर आहे, तो आमच्या घरात कोणालाच वाचता येत नाही. रिबीन गडद निळी असून तिच्या मधोमध दोन बारीक किरमिजी रेघा आहेत, आणि जिथे ती कडीतून ओवली आहे तिथे रेशीम पार विरले आहे.

हे पदक पणजोबांना लढाईत पराक्रम केल्याबद्दल मिळाले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा दर दसऱ्याला डबी उघडत, पदक पुसून पूजेत ठेवत आणि पुन्हा फडताळात ठेवून देत. मात्र पणजोबा फौजेत होते असे सांगणारा एकही कागद घरात नाही. ते एका लहान संस्थानात कारकून होते आणि तिथल्या तोशाखान्याचे, म्हणजे मौल्यवान वस्तूंच्या कोठाराचे, काम पाहत, एवढेच आम्हांला खात्रीने ठाऊक आहे.

पदक सापडल्यावर आमच्या काकांनी ते शहरातल्या एका सराफाला दाखवले. त्याने ना राजाकडे पाहिले ना अक्षरांकडे, सरळ तराजूत टाकून मोडीचा भाव सांगितला. काका ते तसेच परत घेऊन आले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यानंतर मी भिंग घेऊन पदकाची संपूर्ण कड तपासली. कुठेही नाव, हुद्दा किंवा क्रमांक नाही.

हे पदक नेमके कशाचे आहे, त्यावर फारसी का आहे, आणि ज्यावर नावच नाही ते पदक आमच्याच पणजोबांचे होते हे कशावरून सांगता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टाकसाळकर

वेण्णाकाठ, आपण केलेले वर्णन इतके नेटके आहे की छायाचित्र न पाहताही सांगता येते. हे १९११ च्या दिल्ली दरबारचे पदक आहे. राजा म्हणजे पाचवा जॉर्ज आणि राणी म्हणजे मेरी. मागच्या फारसी मजकुराचा आशय 'हिंदुस्थानचा बादशहा आणि ब्रिटिश मुलखाचा स्वामी पंचम जॉर्ज याचा दरबार' असा आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी राज्याभिषेकानिमित्त दिल्लीत भरलेल्या या दरबारात राजाने स्वतः उपस्थित राहून राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणा केली. पदके सुमारे २०० सोन्याची आणि सुमारे ३०,००० चांदीची होती. सोन्याची पदके वरच्या दर्जाचे संस्थानिक आणि बडे अधिकारी यांना मिळाली. चांदीच्या पदकांपैकी सुमारे १०,००० गोऱ्या आणि देशी पलटणींतील शिपायांपर्यंत पोहोचली आणि उरलेली दरबारच्या निमित्ताने मानाला किंवा कामाला असलेल्या नाना प्रकारच्या लोकांकडे गेली. त्यामुळे हे पदक पराक्रमाचे नाही. दरबाराची आठवण म्हणून ते दिले गेले. हे वाचून आपल्या घरात कोणाला वाईट वाटले तर ते मी समजू शकतो. परंतु तोशाखान्याचा कारकून आणि दरबारचे पदक यांचा मेळ जितका सहज बसतो, तितका लढाईच्या गोष्टीचा बसत नाही.

आता फारसीविषयी. कंपनी सरकारच्या रुपयांवर १८३५ पर्यंत मोगल बादशहा शाह आलम याचे नाव फारसीत उमटत असे, आणि कचेऱ्यांतून फारसी हटवण्याचा कायदा १८३७ चा आहे. याचा अर्थ असा की १९११ मध्ये हे पदक घडवले गेले तेव्हा फारसी सरकारी कामकाजातून जाऊन ७४ वर्षे झाली होती. ज्या सातारकर किंवा मद्रासी माणसाच्या छातीवर ते लागले, त्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती आणि ज्या साहेबाने ते लावले, त्यालाही बहुधा येत नव्हती. तरीही फारसीच निवडली गेली, कारण दरबार हा शब्द, नजर करण्याची रीत, हत्ती, शामियाने आणि खुद्द दिल्ली हे सारे मोगलांकडून घेतलेले होते, आणि आपण त्याच गादीचे वारस आहोत हे इंग्रजांना दाखवायचे होते. माझ्या मते त्या पदकावरची सर्वांत बोलकी गोष्ट राजाचा चेहरा नसून मागची लिपी आहे.

याच्या आधीची दोन भावंडेही लक्षात ठेवावीत, कारण बाजारात त्यांची सरमिसळ होते. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन यांनी भरवलेल्या पहिल्या दरबारचे पदक बरेच मोठे, ५८ मिलिमीटरचे असून ते रिबिनीने गळ्यात घालत असत. त्याच्या पाठीवर इंग्रजी, फारसी आणि देवनागरी अशा तीन लिप्या आहेत, आणि देवनागरीत चक्क 'हिंद का कैसर' असे लिहिले आहे. म्हणजे पदकावर चेहरा राणी व्हिक्टोरियाचा असला तरी तिचा किताब पुल्लिंगी आहे. १९०३ चे व्हाइसरॉय कर्झन यांच्या दरबारचे पदक आकाराने आपल्या पदकाएवढेच आहे. मात्र त्यावर एकटा सातवा एडवर्ड आहे, त्याचा चेहरा उजवीकडे आहे आणि रिबीन फिकट निळी असून तिच्यावर तीन गडद निळ्या रेघा आहेत. राजाचा चेहरा कोणत्या बाजूला आहे एवढे पाहिले तरी १९०३ आणि १९११ यांत चूक होत नाही.

नावाविषयी सांगायचे तर १९०३ आणि १९११ या दोन्ही दरबारांची पदके सरकारने नाव न घालताच वाटली. कोणी हौसेने सोनाराकडून नाव कोरून घेतले असेल तर ते वेगळे. त्यामुळे आपल्या पदकावर नाव नाही यात संशयास्पद काही नाही. नाव शोधायचे ते कागदांत. घरातल्या जुन्या वह्या, दप्तरे, तसबिरींच्या पाठी, काहीही टाकून देऊ नका.

सुभेदाराचा नातू

टाकसाळकरांनी कडेवरच्या नावाचा विषय काढला म्हणून लिहितो. युद्धसेवेच्या पदकांची रीत निराळी होती. आमच्या घरी आजोबांची पहिल्या महायुद्धातली दोन पदके आहेत, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि पितळी रंगाचे व्हिक्टरी मेडल. दोन्हींच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही माहिती ठोकलेली आहे. आजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि आजच्या इराकमधल्या कुत अल अमाराच्या वेढ्यात सापडले होते. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, त्यानंतरची त्यांची दोन वर्षे तुर्कांच्या कैदेत गेली. त्याविषयी ते घरात कधी बोलले नाहीत. पदकावर त्यांचे आडनाव 'जाधव' ऐवजी 'जादो' असे वाचावे लागेल अशा इंग्रजी अक्षरांत आहे, आणि माझे वडील ते बोटाने चाचपून सांगत की हे आपलेच नाव आहे, साहेबाला उच्चारता आले नाही एवढेच.

ज्यांच्याकडे अशी पदके असतील त्यांनी पलटणीचा क्रमांक नीट पाहावा. १९०३ मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले आणि १९२२ मध्ये जुन्या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. म्हणून १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी क्रमांक आणि 'मराठा' हा शब्द कडेवर असेल तर ते नाव १९०३ ते १९२२ या काळातल्या पलटणीचे आहे, हे लगेच कळते. मजूर तुकड्यांतल्या लोकांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे न देता काशाचे दिले गेले. तेव्हा काशाचे पदक सापडले तर ते नकली समजून टाकू नये. उलट ती पदके आज कमी दिसतात, आणि ज्यांनी ती मिळवली त्यांची नोंद अन्यत्र फारशी राहिलेली नाही.

शनिवारपेठी

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु एक गोष्ट मनाला टोचते आणि ती स्पष्ट लिहितो. १८५१ मध्ये कंपनीने 'आर्मी ऑफ इंडिया' नावाचे पदक काढले. त्याच्या रिबिनीवर ज्या लढायांच्या पट्ट्या लावल्या जात, त्यांची यादी वाचली तर आपल्या पराभवांची यादी वाचल्यासारखे होते. असई, अडगाव, गाविलगड या १८०३ च्या, आणि खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव या १८१७-१८ च्या. मी राहतो तिथून खडकीचे रणांगण तासाभराच्या चालीवर आहे. ज्या लढाईत पेशवाई बुडाली, तिच्या नावाची चांदीची पट्टी लंडनमधल्या लिलावात मोठ्या किमतीला विकली जाते हे वाचताना मला आनंद होत नाही.

याच पदकांविषयी आपल्या लोकांनी काय केले तेही या धाग्यात असावे. १८७७ च्या दरबारात जेव्हा संस्थानिकांच्या गळ्यात पदके पडत होती, तेव्हा दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने माणसे मरत होती. त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातमागाच्या जाड्याभरड्या खादीचा पोशाख करून गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली. सरोजिनी नायडूंनी लोकसेवेबद्दल मिळालेले कैसर-इ-हिंद पदक परत केले. गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून आपले कैसर-इ-हिंदचे सुवर्णपदक, तसेच दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध आणि झुलू बंड यांतल्या शुश्रूषेबद्दल मिळालेली पदके परत पाठवली. लोकमान्य गेले तो दिवस हाच. मग दसऱ्याच्या पूजेत राजाचे पदक ठेवणे कितपत योग्य, हा प्रश्न मी वेण्णाकाठ यांना दुखावण्यासाठी विचारत नाही, परंतु तो विचारला गेलाच पाहिजे.

टाकसाळकर

शनिवारपेठी, आपला प्रश्न रास्त आहे. आपण दिलेल्या यादीच्या आधीचेही एक पदक आहे, १७८४ चे 'डेक्कन मेडल'. कंपनीने आपल्या देशी फौजेला दिलेले हे पहिले मोहीम-पदक मानले जाते आणि ते मराठ्यांविरुद्धच्या पहिल्या युद्धाचे आहे. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने बंगालहून गुजरात आणि कोकणच्या बाजूला जी फौज पायी पाठवली, तिच्यातल्या हिंदी शिपायांना आणि अंमलदारांना ते मिळाले. त्यावर बसलेली ब्रिटानिया लांबच्या किल्ल्याकडे हार धरलेला हात पुढे करताना दिसते आणि पाठीवर, पुन्हा, फारसीच आहे. ते मुद्दाम हिंदी शिपायांसाठीच घडवले होते.

माझे म्हणणे असे आहे की पदकाला दोन तोंडे असतात, आणि एक कड. तोंडांवर राज्यकर्त्याला जे सांगायचे असते ते असते. कडेवर पुष्कळदा एका माणसाचे नाव असते. 'आर्मी ऑफ इंडिया' पदक लढायांनंतर पंचवीस ते अठ्ठेचाळीस वर्षांनी निघाले आणि तोवर जे जिवंत राहिले होते त्यांनाच मिळाले. खडकीला विशीत असलेला शिपाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. त्याचे नाव वळणदार कोरीव अक्षरांत कडेवर आहे आणि पुष्कळदा त्या माणसाविषयी जगात उरलेला तो एकमेव लेखी पुरावा आहे. कोरेगावच्या पट्टीचा अर्थ एका घराला एक, दुसऱ्या घराला दुसरा, हे आपण महाराष्ट्रात राहून जाणतोच. पदक वितळवून टाकले तर ब्रिटिश राज्याचे काहीच बिघडत नाही, पुसले जाते ते त्या शिपायाचे नाव. म्हणून मी जपण्याच्या बाजूचा आहे. पूजेचा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा.

जाता जाता एक गल्लत दूर करतो. 'कैसर-इ-हिंद' हे नाव १८७७ च्या पदकालाही लोक लावतात, परंतु त्या नावाचे स्वतंत्र पदक १० एप्रिल १९०० रोजी सुरू झाले. ते लंबगोल असून लोकसेवेसाठी दिले जाई. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळाले ते हे. दरबारचे पदक हजर राहिल्याचे, हे कामाचे. दोन्ही एका मापाने तोलू नयेत.

बडोदेकर

१९११ च्या दरबारचा विषय निघाला आणि सयाजीराव महाराजांचे नाव आले नाही, म्हणून लिहीत आहे. संस्थानिकांनी सम्राटापुढे तीनदा लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा शिरस्ता ठरवून दिलेला होता. महाराजांनी थोडक्यात एकदाच मान लववली, मागे वळले आणि चालत गेले. अंगावर दरबारी दागदागिन्यांचा थाटही नव्हता. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांत ही हकिकत आजही अभिमानाने सांगतात.

एक उपयुक्त माहिती. त्याच दरबारच्या दिवशी रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर, दिवाणबहादूर अशा किताबांसाठी गळ्यात घालायचे बिल्ले सुरू झाले. मध्ये राजाचा चेहरा, भोवती किताबाचे नाव, वर मुकुट, आणि पाठीवर मानकऱ्याचे नाव व तारीख कोरलेली. रावबहादुराची रिबीन तांबडी आणि कडा गडद तांबड्या. रावसाहेबाची गडद निळी आणि कडा फिकट निळ्या. त्यामुळे जुन्या तसबिरीत पणजोबांच्या गळ्यात असा बिल्ला दिसला तर ती तसबीर १९११ नंतरचीच. त्याआधी न्यायमूर्ती रानड्यांसारखे रावबहादूर होते, पण बिल्ला नव्हता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने असे किताबच बंद झाले.

वेण्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पराक्रमाची गोष्ट खोटी ठरली हे वडिलांना सांगताना मला जड गेले, परंतु ते आपल्या आजोबांविषयी, म्हणजे माझ्या पणजोबांविषयी, शांतपणे म्हणाले, "मग आजोबा दिल्लीला गेले होते म्हणायचे. ते आम्हांला कोणी सांगितलेच नाही." शनिवारपेठी, आपला प्रश्न त्यांना वाचून दाखवला आहे. त्यांचे उत्तर असे की पूजा राजाची नव्हती, पणजोबांच्या आठवणीची होती. तरी ते त्यावर विचार करत आहेत.

टाकसाळकरांच्या सल्ल्याप्रमाणे दप्तरे उघडली. पणजोबांच्या हातची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मिळाली आहे, परंतु ती मोडीत आहे. शके १८३३ आणि १८३४ (इ. स. १९११ ते १९१३) ची मिळून नऊ पानांची छायाचित्रे जोडली आहेत. कोणी वाचू शकेल काय?

मोडीवाचक

पाने स्पष्ट आहेत आणि अक्षर वळणदार, कारकुनी सरावाचे आहे. दोन ठिकाणी कसरीने खाल्ले आहे, ते सोडून वाचले.

शके १८३३, मार्गशीर्षाच्या आधीच्या पानावर दरबारी अंगरख्याची शिलाई आणि नव्या पगडीचा खर्च आहे. पुढे पुण्याहून दिल्लीपर्यंतचे भाडे सरकारी खात्यातून, म्हणजे संस्थानाकडून, भागवल्याची नोंद आहे. स्वतःच्या खात्यात फक्त वाटेवरचा फराळ आणि एका घोंगडीची किंमत पडली आहे. डिसेंबरात दिल्लीची थंडी सातारच्या माणसाला सोसली नसावी, कारण घोंगडीची नोंद दिल्लीतली आहे. मार्गशीर्ष वद्यात काही दिवस कीर्द कोरीच आहे. आपल्याला हवी आहे ती नोंद शके १८३४ च्या चैत्रातली आहे. तिथे 'बिल्ला सरकारी दिल्लीचा' असे लिहून त्यापुढे 'डबी शिसवी, कातारी' आणि सहा आणे असा खर्च मांडला आहे. खालच्या ओळीत मखमलीच्या तुकड्याचा एक आणा आहे.

टाकसाळकर

याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. कीर्द त्यांच्या हातची आहे, नोंद दरबारनंतर चार महिन्यांच्या आतली आहे, आणि डबी आपल्या हातात आहे. कातारी लाकूड चरकावर धरून फिरवतो. डबीच्या आतल्या तळाला मध्यबिंदूभोवती बारीक वर्तुळे दिसतात का, ते पाहा.

आता जपणुकीचे. पदक चिंच, राख किंवा पॉलिश पावडर लावून घासू नका, कारण फारसी अक्षरांचे उठाव आधीच झिजलेले असतात आणि प्रत्येक घासणीत ते आणखी जातात. काळपट छटा राहू द्या. रिबीन धुवू नका. रबरबँड आणि लोकरीचे कापड जवळ ठेवू नका, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटेही टाळा. पदक शंभर वर्षांहून जुने असल्याने १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांकडे ते पाठवू नका. उद्या कोणी याच पदकाची जोडी म्हणून दुसरे विकायला आणले तर कड पाहा: साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर बहुधा जोडाची रेघ राहते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि चांदी निवताना आकसल्याने व्यास किंचित कमी भरतो.

आणि एका चांगल्या कागदावर पेन्सिलीने पणजोबांचे नाव, संस्थान, कीर्दीचे पान आणि मोडी वाचनाची तारीख लिहून तो डबीत ठेवा. नाव कडेवर कोरून घेऊ नका.

वेण्णाकाठ

वर्तुळे आहेत. मखमल हलकेच उचलली, तळाशी मध्यभागी टोच्याची खूण आणि तिच्याभोवती सात-आठ बारीक गोल रेघा स्पष्ट दिसल्या.

कागद वडिलांनी स्वतः लिहिला. कीर्दीचा शिल्लक भाग, आणखी साधारण चाळीस पाने, पुढच्या रविवारपर्यंत छायाचित्रे काढून इथेच जोडतो. मोडीवाचक, तोशाखान्याच्या नोंदींत दरबारसाठी नेलेल्या वस्तूंची यादी असावी असे वाटते; सवड होईल तशी ती वाचावी, ही विनंती.